नाका उभा राहण्यापूर्वी गावाला विचारले का?

गोडी छाटणीच्या तोंडावर आमच्या तालुक्यात द्राक्ष बागाईतदारांची बैठक होती. काडी कितव्या डोळ्यावर कापावी, पेस्टिंग केव्हा करावे, डाऊनी दिसला तर पहिली फवारणी कशाची, असे नेहमीचे विषय झाले. चहा आला. तेवढ्यात मागच्या सतरंजीवरचे एक वयस्कर बागाईतदार उठून उभे राहिले.

"साहेब, छाटणीचं ध्यानात आलं. पण एक सांगा. आमच्या रस्त्यावर आता टोलनाका बसणार म्हणे. नाका बसवायच्या आधी गावाला इचारायचं असतं का नसतं?"

मंडळी हसली. मीही हसून म्हणालो, "बाबा, हे काही माझ्या खात्याचं नाही." बाबा खाली बसले. पण घरी पोहोचेपर्यंत तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याला कारण आहे आणि ते सांगताना मला थोडी लाजच वाटते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे जी गावे होती, त्यांतल्या एका गावाजवळचा मोठा रस्ता रुंद व्हायचा होता. जमीन घेण्याची नोटीस वर्तमानपत्रात आली. बारीक टायपात गट नंबरांची लांबच लांब यादी होती. हरकत घ्यायला मुदत एकवीस दिवसांची. तो अंक माझ्याच मोटारसायकलच्या डिकीत होता. मी त्यातले कांद्याचे भाव वाचले, घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदात भाकरी बांधून नेली. गावात कांदाकाढणी चालू होती, कुणाला मान वर करायला सवड नव्हती. एकवीस दिवस गेले. गावातून एकही अर्ज गेला नाही. पुढे रस्ता झाला, मधोमध भिंत झाली. आज त्या गावच्या बायकांना पलीकडच्या शिवारातून वैरणीचा भारा आणायचा तर मोठा वळसा पडतो. बैलगाडीपुरता भुयारी मार्ग मागायला हवा होता, हे सगळ्यांच्या ध्यानात आले ते भिंत उभी राहिल्यावर. आता अर्ज चालू आहेत. वरातीमागून घोडे!

म्हणून बाबांच्या प्रश्नाचा मी मागोवा घेतला. तेव्हा असे आढळले की, हाच प्रश्न सातासमुद्रापलीकडे एका मुलखाने फार नेटाने लढवला आहे, आणि तो मुलूखही द्राक्षाचाच आहे. त्याची हकिकत आपल्या वाचकांनी ऐकण्याजोगी आहे.

द्राक्षांच्या खोऱ्यातला रस्ता

दक्षिण आफ्रिकेच्या नैऋत्य टोकाला केपटाऊन हे बंदर आहे. त्याच्या मागे डोंगररांगा आणि त्या डोंगरांच्या कुशीत पार्ल, वूस्टर, डी डोर्न्स अशी द्राक्षाची गावे. हेक्स नदीचे खोरे तर खाण्याच्या द्राक्षांसाठी नाव मिळवून आहे. दुसऱ्या बाजूला ग्रॅबाऊच्या आसपास सफरचंदाच्या बागा. आपल्याकडे थंडी असते तेव्हा तिकडे उन्हाळा. त्यांचा द्राक्षाचा हंगाम नोव्हेंबरपासून मेपर्यंत, आपला मुख्यतः जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. नाशिकच्या आणि हेक्स खोऱ्याच्या पेट्या युरोपच्या बाजारात शेजारी शेजारी मांडल्या जातात. म्हणजे हे लोक आपले स्पर्धकही आणि एका अर्थाने भाऊबंदही.

या बागांतला माल बंदरावर नेणारे दोन मोठे राष्ट्रीय रस्ते आहेत. एक 'एन-१' आणि दुसरा 'एन-२'. एन-१ वर पार्ल आणि वूस्टर यांच्यामध्ये डोंगर फोडून केलेला ह्युगेनॉट बोगदा आहे. जवळपास चार किलोमीटर लांबीचा हा बोगदा १९८८ साली खुला झाला आणि तिथे टोल घेतला जातो. बोगद्याचा टोल नको असेल त्याला जुन्या घाटाचा रस्ता मोकळा आहे. त्यामुळे त्या टोलबद्दल फारशी कुरकुर नव्हती.

वाद निघाला तो पुढच्या बेताने. दक्षिण आफ्रिकेत राष्ट्रीय रस्त्यांचा कारभार 'सॅनरल' नावाच्या सरकारी संस्थेकडे असतो. आपल्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचीच ती बहीण म्हणा. या संस्थेने असे ठरवले की, केपटाऊनच्या उपनगरांपासून थेट द्राक्ष-सफरचंदाच्या खोऱ्यांपर्यंत एन-१ आणि एन-२ चे लांबलचक पट्टे टोलचे रस्ते करायचे. खाजगी कंपन्यांच्या गटाने पैसा घालावा, रस्ते रुंद करावेत, सांभाळावेत आणि तीस वर्षे टोल घ्यावा, असा तो बेत. २००८ साली हे रस्ते टोलचे म्हणून सरकारी राजपत्रात जाहीरही झाले.

कायदा काय सांगतो?

आता या गोष्टीतला आपल्या कामाचा भाग पाहू. सॅनरल ज्या कायद्याने चालते तो १९९८ चा. त्याच्या २७ व्या कलमात टोल बसवण्याची रीत पायरीपायरीने घालून दिली आहे. ती थोडक्यात अशी.

पहिली पायरी : अमुक रस्ता टोलचा करायचा आहे अशी जाहीर नोटीस संस्थेने द्यावी. नाका साधारण कुठे असेल तेही नोटिशीत सांगावे. ज्याला ज्याला त्यात स्वारस्य आहे अशा कुणालाही लेखी म्हणणे मांडता यावे आणि त्यासाठी निदान तीस दिवस मिळावेत.

दुसरी पायरी : तो रस्ता ज्या प्रांतात येतो त्या प्रांताच्या प्रीमियरला, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्याच्या जागी असलेल्या माणसाला, संस्थेने लेखी विचारावे. त्याला निदान साठ दिवस द्यावेत. आणि तो रस्ता ज्या ज्या नगरपालिकेच्या हद्दीतून जातो, त्या प्रत्येक नगरपालिकेला तशीच संधी द्यावी. 'ज्या ज्या' आणि 'प्रत्येक' हे शब्द ध्यानात ठेवा. मोठ्या शहराला विचारले, लहान गावाला वगळले, असे चालत नाही. तिकडे नगरपालिकेच्या हद्दीत आसपासची खेडी आणि शेतेही येतात, हेही सांगितले पाहिजे.

तिसरी पायरी : आलेल्या सगळ्या सूचना-हरकतींचा अहवाल करून तो मंत्र्याकडे पाठवावा. कोणती सूचना कितपत मान्य केली, हे त्यात लिहावे.

चौथी पायरी : संस्थेने लोकांच्या म्हणण्याचा खरोखर विचार केला आहे, अशी मंत्र्याची खात्री पटली पाहिजे. ती पटल्याशिवाय मंत्र्याने मंजुरी देऊ नये.

किती साधी आणि शहाणपणाची रीत आहे! आपण दुसऱ्याच्या बांधावरून पाण्याचा पाट न्यायचा असला तर आधी त्याला विचारतो. कारण पाट फुटला तर पाणी त्याच्या पिकात शिरणार असते. टोलचेही तसेच आहे. मोठ्या रस्त्यावर नाका बसला की टोल चुकवणाऱ्या गाड्या गावच्या लहान रस्त्यावर उतरतात. ते रस्ते फुटतात, धूळ पिकावर बसते, शाळेच्या पोरांना जीव मुठीत धरून चालावे लागते. आणि तो लहान रस्ता दुरुस्त करायचा खर्च पडतो कुणावर? टोल घेणाऱ्यावर नव्हे, तर स्थानिक नगरपालिकेवर! म्हणून तिला आधी विचारायचे. यात मेहेरबानी नाही, हिशोब आहे.

या कलमात एक उणीवही दिसते. नाका कुठे बसेल हे आधी सांगावे लागते. पण टोल किती पडेल तो दर पुढे मंत्री ठरवतो आणि मग राजपत्रात छापतो. म्हणजे बैल दाखवायचा पण किंमत नंतर सांगायची, अशातला प्रकार. किंमत ठाऊक नसताना लोकांनी मत तरी कशाच्या आधारावर द्यावे?

केपटाऊनने काय केले?

केपटाऊनच्या नगरपालिकेचा या बेताला विरोध होता. टोलचा बोजा कामासाठी रोज लांबून ये-जा करणाऱ्या गरीब माणसावर पडेल आणि टोल चुकवणाऱ्या गाड्यांची गर्दी शहराच्या रस्त्यांवर येईल, ही तिची मुख्य चिंता. २०११ साली सॅनरलने खाजगी कंपन्यांचा एक गट पसंत केला. आता करार झाला की काम सुरू होणार, हे दिसताच नगरपालिकेने २०१२ साली न्यायालयाचे दार ठोठावले. मे २०१३ मध्ये तिला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. मूळ खटल्याचा निकाल लागेपर्यंत काम पुढे न्यायचे नाही, असे न्यायालयाने बजावले.

मग कागदांची लढाई झाली. टोलच्या बेतातले काही कागद गुप्त राहावेत, असा संस्थेचा आग्रह होता. हा वाद वरच्या न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०१५ मध्ये ब्लूमफाँटेनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने नगरपालिकेच्या बाजूने कौल दिला. न्यायालयातले काम लोकांसमोर, उघड चालले पाहिजे, हे तत्त्व तिथे ठामपणे सांगितले गेले.

३० सप्टेंबर २०१५ रोजी वेस्टर्न केप उच्च न्यायालयाने टोलच्या घोषणा रद्द केल्या. संस्था अपिलात गेली. २२ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च अपील न्यायालयाने ते अपील फेटाळले. राजपत्रात छापून आलेला टोल आठ वर्षांनी असा पुसला गेला.

चूक नेमकी कुठे सापडली?

हे ऐकून आपल्याला वाटेल, 'नगरपालिकेला विचारले नाही म्हणून टोल रद्द झाला असेल.' पण तसे सरळ नाही आणि खरा धडा इथेच आहे.

कायद्यात असे होते की, टोलसाठी मंत्र्याकडे मंजुरी मागायची ती संस्थेने. संस्थेने म्हणजे तिच्या संचालक मंडळाने. कागदपत्रे उघडल्यावर दिसले की, मंजुरी मागण्याचा निर्णय मंडळाने रीतसर घेतलेलाच नव्हता. पहिलीच वीट बसवलेली नव्हती आणि वर सगळी भिंत चढवली होती. मंडळाचा निर्णय नाही, म्हणून मंत्र्याची मंजुरीही टिकली नाही. मंजुरी नाही, म्हणून राजपत्रातली घोषणाही टिकली नाही.

आपल्या गावच्या भाषेत सांगतो. समजा, गावठाणाची जागा कुणाला द्यायची आहे. ग्रामपंचायतीची सभा झाली नाही, ठराव झाला नाही, प्रोसिडिंग बुकात एक ओळ नाही. पण पत्र मात्र वर गेले आणि वरून मंजुरीही आली. पुढे कुणी विचारले की, 'ठराव कुठे आहे?' तर काय दाखवणार? केपटाऊनमध्ये नेमके तेच विचारले गेले.

यावरून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, कायद्यातल्या पायऱ्या म्हणजे कारकुनी कटकट नव्हे. लहान माणसाच्या हातातली ती काठी आहे. दुसरी, ज्या नगरपालिकेने आधीपासून विरोध केला आणि कागद मागत राहिली, तिच्याच हाती ही चूक लागली. गप्प बसणाऱ्याला ती कधीच सापडली नसती.

दुसरी बाजूही ऐकावी. न्यायालयाने टोल वाईट, असे म्हटलेले नाही. रस्ते आकाशातून पडत नाहीत. जो रस्ता वापरतो त्याने त्याचे पैसे द्यावेत, म्हणजे दूरच्या खेड्यातल्या गरिबावर बोजा पडत नाही, हे टोलवाल्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. शिवाय टोल रद्द झाला म्हणून रस्ता रुंद झाला असे नव्हे. त्यासाठी पैसा दुसरीकडून उभा करावाच लागतो. तेव्हा 'टोल नको' एवढे म्हणून भागत नाही. 'नाका कुठे, दर किती, मुदत किती, आमच्या गाड्यांचे काय, पर्यायी रस्ता कोणता?' हे विचारले पाहिजे. आणि ते वेळेवर विचारले पाहिजे.

जोहान्सबर्गला उशीर झाला

'वेळेवर' हा शब्द मी का वापरला, ते त्याच देशातल्या दुसऱ्या हकिकतीवरून कळेल.

जोहान्सबर्ग आणि प्रिटोरिया ही शहरे ज्या गाउटेंग प्रांतात येतात, तिथेही सॅनरलने शहराभोवतीचे रस्ते रुंद केले. २०१० साली तिथे फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा व्हायची होती, म्हणून कामाला घाई होती. टोलच्या नोटिशी रीतीप्रमाणे वर्तमानपत्रात आल्या होत्या. रोज या रस्त्यांवरून लाखो माणसे जात, पण हरकती आल्या मोजक्याच. माझ्या डिकीतल्या अंकासारखीच त्या नोटिशींची गत झाली असावी!

रस्ते झाले. रस्त्यावर कमानी उभ्या राहिल्या. गाडी न थांबवता कॅमेऱ्याने नंबर टिपायचा आणि बिल घरी पाठवायचे, अशी ती व्यवस्था. तेव्हा कुठे लोक जागे झाले. 'ओउटा' नावाची संघटना उभी राहिली. एप्रिल २०१२ मध्ये तिला तात्पुरती मनाई मिळाली, पण त्याच वर्षी सप्टेंबरात संविधान न्यायालयाने ती उठवली. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने तिचे म्हणणे फेटाळले. कारण? उशीर. सरकारी निर्णयाला आव्हान द्यायचे तर ते विनाविलंब आणि जास्तीत जास्त १८० दिवसांत द्यावे, असा तिथला कायदा आहे. इथे काही वर्षे उलटली होती. कर्ज काढून झाले होते, रस्ते बांधून झाले होते. आता घड्याळाचे काटे मागे फिरवता येत नाहीत, असा त्या निकालाचा रोख होता.

केपटाऊनची नगरपालिकाही तशी उशिराच गेली होती. पण तिथे करार झालेला नव्हता, रस्त्याची एक पाटीसुद्धा उकरलेली नव्हती. म्हणून न्यायालयाने तिचा उशीर पदरात घातला. एकाच देशात, एकाच कायद्याखाली दोन निकाल लागले. फरक पडला तो जमिनीत कुदळ पडण्यापूर्वी गेले की नंतर गेले, याचा.

पुढे गाउटेंगमध्ये काय झाले तेही ऐका. ३ डिसेंबर २०१३ ला टोल सुरू झाला. लोकांनी बिले भरलीच नाहीत. वर्षानुवर्षे थकबाकी साचत गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने हात टेकले. त्या कर्जाचा ७० टक्के वाटा केंद्र सरकारने आणि ३० टक्के वाटा प्रांताने उचलायचा, असे जाहीर झाले. १२ एप्रिल २०२४ ला तो टोल अधिकृतपणे बंद झाला. म्हणजे शेवटी पैसे गेले ते सगळ्या जनतेच्या करातूनच. ज्यांनी त्या रस्त्याचे तोंडही पाहिले नाही, त्यांच्याही खिशातून गेले. आधी नीट विचारले असते, लोकांनीही आधीच नीट उत्तर दिले असते, तर ही पाळी आली नसती.

आपल्या दारात

दूर कशाला जायचे? कोल्हापूरचे उदाहरण आपल्यासमोर आहे. तिथे शहरातल्या सुमारे पन्नास किलोमीटर रस्त्यांचे काम खाजगी कंत्राटदाराकडून 'बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा' या पद्धतीने झाले. करारात महानगरपालिका स्वतः होती. म्हणजे स्थानिक संस्थेला विचारले नव्हते असे कुणी म्हणू शकत नव्हते. पण संस्थेने आपल्या माणसांना किती विचारले? २०१३ मध्ये वसुली सुरू झाली आणि शहर रस्त्यावर उतरले. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे वयोवृद्ध नेते आंदोलनाच्या अग्रभागी होते. जानेवारी २०१४ मध्ये नाक्यांची जाळपोळही झाली. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने तो टोल रद्द करण्याची घोषणा केली आणि कंत्राटदाराच्या पैशाचा भार सार्वजनिक तिजोरीवर आला. यातून कळते ते हे की, स्थानिक संस्थेला विचारणे ही अर्धी गोष्ट. संस्थेने गावाला विचारणे ही उरलेली अर्धी.

आता बाबांच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गावरचा टोल २००८ च्या शुल्क नियमांप्रमाणे घेतला जातो. केपच्या कलम २७ सारखी, नाक्याआधी प्रत्येक स्थानिक संस्थेला लेखी विचारण्याची पायरी या नियमांत घातलेली नाही. राज्याच्या रस्त्यांवरचा टोल राज्य सरकारच्या वेगळ्या अधिसूचनांनी लागतो. पण म्हणून आपले हात बांधलेले आहेत असे नाही. बोलण्याच्या जागा आहेत, त्या वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेल्या आहेत इतकेच. त्या अशा :

१. जमीन घेण्याची नोटीस : राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची अधिसूचना निघाली की तिचा मजकूर दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो, त्यांतले एक स्थानिक भाषेतले असते. अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून एकवीस दिवसांत जमिनीशी हितसंबंध असलेल्याला लेखी हरकत घेता येते आणि सुनावणी मागता येते. माझ्या हातून निसटली ती हीच संधी.

२. पर्यावरणाची जनसुनावणी : ज्या रस्त्याला पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी लागते, तिथे निदान तीस दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. प्रकल्पाचा अहवाल जिल्हाधिकारी कचेरीत आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. भुयारी मार्ग, ओढ्यावरची मोरी, सेवा रस्ता, विहिरी-पाइपलाइनी यांबद्दल बोलायची ही जागा. तुमचे म्हणणे इतिवृत्तात नोंदले गेले का, ते पाहूनच उठावे.

३. नाक्याची जागा : २००८ च्या नियमांप्रमाणे नाका नगरपालिका वा स्थानिक शहरी हद्दीपासून साधारणपणे दहा किलोमीटरच्या पलीकडे असावा आणि त्याच रस्त्यावर एकाच दिशेला दोन नाक्यांत साठ किलोमीटरचे अंतर असावे. याला अपवाद करता येतात, पण त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. ती कारणे माहितीच्या अधिकारात मागता येतात. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे.

४. आपल्या गाड्या : याच नियमांप्रमाणे दुचाकी, ट्रॅक्टर, कापणी-मळणी यंत्र आणि बैलगाडी यांना टोल नाही. मात्र सेवा रस्ता किंवा पर्यायी रस्ता असेल तर ट्रॅक्टर आणि बैलगाडीने तोच वापरायचा असतो. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला घरगुती गाडीसाठी मासिक पास मिळतो, तोही पर्यायी रस्ता नसेल तरच. त्याचा मूळ दर २००७-०८ साली दीडशे रुपये होता आणि तो दरवर्षी बदलतो. टोमॅटो-भाजीची व्यापारी नोंदणीची पिकअप या पासात बसत नाही. तेव्हा बाजाराला नेण्याच्या खर्चात टोल आधीच धरा.

५. ग्रामसभेचा ठराव : ही सगळ्यांत हाताशी असलेली गोष्ट. वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हाव्यात असा कायदा आहे आणि त्याआधी महिलांची सभा. नाका येणार अशी कुणकुण लागताच विषय पत्रिकेवर घ्या. ठरावात नुसता 'निषेध' लिहू नका. रोज किती दुधाच्या गाड्या जातात, किती पोरे शाळेला जातात, हंगामात किती ट्रॅक्टर पलीकडच्या शिवारात जातात, दवाखाना किती दूर आहे, हे मोजून लिहा. कागदावर आकडा असला की साहेबालाही तो खोडता येत नाही, हे मी साहेबाच्या खुर्चीत बसून सांगतो.

महिलांच्या सभेवर मी मुद्दाम भर देतो. वैरण, पाणी, दळण, पोरांची शाळा, बाळंतिणीचा दवाखाना, या सगळ्या वाटा बायकांच्या पायाखालच्या. कुठे वळसा पडणार हे त्यांना आधी दिसते. त्या गावात एखाद्या बाईने नकाशा पाहिला असता तर भुयारी मार्गाचे तिने पहिल्याच दिवशी विचारले असते.

हरकतीचा वापसा

शेतकरी बंधू-भगिनींनो, पेरणीला वापसा लागतो. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिखल ना कोरडी, अशी चार दिवसांची वेळ असते. ती साधली तर बी उगवते. चुकली तर कितीही भारी बियाणे आणा, उपयोग नाही. हरकतीलाही असाच वापसा असतो. कधी तो एकवीस दिवसांचा, कधी तीस दिवसांचा, केपच्या नगरपालिकेला साठ दिवसांचा. तो साधला तर एका कागदाने काम होते. चुकला तर पुढे मोर्चे, तारखा, जाळपोळ, कर्जे, आणि तरीही भिंत उभीच.

परवा मी पुन्हा त्या बाबांच्या गावी गेलो होतो. त्यांना मळ्यात गाठून सांगितले, "बाबा, तुमचा प्रश्न माझ्याच खात्याचा निघाला. इचारायचं असतं. आणि कुणी इचारलं नाही तरी आपण सांगायचं असतं."

बाबांनी काडीवरचा फुगलेला डोळा दाखवला. म्हणाले, "मंग साहेब, ते वर्तमानपत्र आता नीट वाचत जा. बाजारभावाच्या शेजारचा बारीक टाईपबी."

तेव्हापासून मी तसे करतो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलेला कागदही थांबून वाचतो. आपणही वाचावा, आणि घरातल्या शिकलेल्या पोराला-पोरीला रोज तेवढे एक काम लावून द्यावे.